सरांना ठावं नव्हतं

शेवटचा तास सुटला की शामकांत सर चुन्याची पिशवी घेऊन मैदानात येत आणि वाकून वाकून रेघा मारू लागत. कोल्हारच्या अलीकडे नगर-मनमाड रस्ता सोडून आत वळलं, की उसाच्या फडांमधून एक कच्ची वाट जाते. तिच्या टोकाला त्यांची शाळा होती. मैदान मुरमाड, गोलाचे खांब निलगिरीचे, आणि जाळी म्हणून कांद्याच्या रिकाम्या गोण्या उसवून शिवलेल्या. सरांचे वडील नगरला संस्कृत शिकवत. घराण्यात सगळे कारकून नाहीतर मास्तर. शामकांत मात्र लहानपणी लष्कराच्या मैदानाबाहेर उभा राहून जवानांचा फुटबॉल बघायचा, आणि त्याच वेडापायी खेळाचा शिक्षक झाला. माणूस मवाळ होता. कुणाला दुखवायचं नाही हा त्यांचा स्वभाव होता, आणि त्या स्वभावाचं त्यांना मनातून कौतुकही होतं.

१९९५ सालच्या जुलैत संस्थेचे अध्यक्ष श्रीमंतराव यांनी सरांना बोलावून सांगितलं, "शेजारच्या शाळेनं फुटबॉलात पोरींची ढाल जिंकली. आपल्या शाळेला पोरी न्हाईत का?" सरांनी घरोघर फिरून, आयांच्या विनवण्या करून तेरा मुली जमवल्या. त्यांत दहावीतली माधुरी होती. तिचे वडील भीमराज साखर कारखान्यावर ऊस उतरवण्याच्या कामाला, आई भामाबाई रोजानं शेतात. बौद्ध वस्तीतून संघात आलेली ती एकटीच मुलगी. पळायला चपळ, धक्क्याला न भिणारी.

तिसऱ्याच दिवशी श्रीमंतरावांच्या भावजय मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्यांची मुलगीही संघात होती.

"सर, पोरी खेळू द्या, आमचं काय म्हननं न्हाई," त्या म्हणाल्या. "पन ती भीमराजची पोरगी मधी घुसती. अंगाला अंग लागतं. घरी गेल्यावर आमची म्हातारी पोरीला उंबऱ्याबाहीर उभी करती, आंघोळ केल्याबिगर आत घेत न्हाई. दोन-चार घरांत हीच बोलनी चाललीत."

सरांना उत्तर देता आलं असतं. निदान 'खेळ म्हटला की अंगाला अंग लागणारच' एवढं तरी म्हणता आलं असतं. त्याऐवजी त्यांना एक युक्ती सुचली.

"तुम्ही काळजी करू नका, वहिनी. तिला मी गोलात उभी करतो. तिथं कुणाचा धक्का लागत नाही."

वहिनी समाधानानं गेल्या. सरांनाही हायसं वाटलं. मुलीला काढून टाकावं लागलं नाही आणि मोठ्या घरचं मनही राखलं गेलं. त्यांनी माधुरीला जवळ बोलावलं. "तुझी उंची चांगली आहे. आजपासून तू आपली गोलकीपर." ती इतकी हरखली की घरापर्यंत पळतच गेली.

संध्याकाळी सरांनी ही हकिगत पत्नीला, नीलांबरीला, जरा ऐटीतच सांगितली. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "म्हणजे वेगळंच उभं केलंत ना तिला?"

"तिच्याच भल्यासाठी केलं."

"मला बोलायला तोंड नाही म्हणा," नीलांबरी म्हणाली. "भामाबाई निरोप घेऊन आली की मीही तिला ओट्यावरच चहा देते." एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली, आणि सरांनी वर्तमानपत्र उघडलं.

ज्या जागी अडचण नको म्हणून उभं केलं, तिथं ती मुलगी काय करून दाखवील याची मात्र कुणालाच कल्पना नव्हती. मुरमावर झेपावून तिची कोपरं सोलून निघत. भामाबाईनं गोधडीचे तुकडे कापून तिच्या कोपरांना आणि गुडघ्यांना बांधायला पट्ट्या शिवून दिल्या. सरांनी तिला जवानांकडून उचललेली एक गोष्ट शिकवली. मारणारीच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, तिच्या टेकवलेल्या पायाकडे बघायचं. तो पाय जिकडे वळलेला असतो, बॉल बहुधा तिकडेच येतो. आठवड्याभरात तिनं ते असं आत्मसात केलं, की मुली तिच्यासमोर मारायला बिचकू लागल्या.

बॉल तिच्या हातात यायचा तो आवाज न करता. सरांनी एकदा विचारलं, हे कुठं शिकलीस. ती म्हणाली, "परवरा नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या असत्यात ना, सर. टेम्पो भरताना आमी वळीनं उभं ऱ्हातो अन् एकमेकींकडं कलिंगडं फेकतो. धरताना हात थोडं मागं न्यायचं. न्हाईतर फुटतंय."

त्या डिसेंबरात नगरला जिल्ह्याचा अंतिम सामना झाला. बरोबरी होऊन पेनल्टीवर गेला. माधुरीनं चौथी पेनल्टी उजवीकडे झेपावून बोटांनी बाहेर ढकलली आणि पाचवी सरळ छातीशी धरली. शाळेनं ढाल जिंकली. मुलींनी तिला उचललं. आनंदाच्या भरात कुणाचं अंग कुणाला लागतंय हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

श्रीमंतरावांनी संघाला जीप पाठवून थेट आपल्या बंगल्यावर जेवायला नेलं. पुरणपोळी, शिपी आमटी, कुरडया. मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. मुली कपडे न बदलताच पंगतीला बसल्या. माधुरी तिसरी बसली होती. श्रीमंतरावांची म्हातारी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मुलाला हळूच काही बोलली. श्रीमंतराव सरांपाशी आले.

"सर, तेवढं भीमराजच्या पोरीचं बघा. आईला चालत न्हाई. तिचं ताट मागं पडवीत लावलंय. तुमी सांगितलं म्हंजी तिला वाईट वाटनार न्हाई."

सर उठले. पंगतीतून वाकून चालत माधुरीपर्यंत गेले.

"माधुरी, इथं दाटी होतेय. तू मागं पडवीत बस, बाळ."

पंगतीच्या टोकाला चार जणी सहज बसतील एवढी सतरंजी मोकळी होती. माधुरीनं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "व्हय सर," ती म्हणाली आणि उठली. दोन्ही बाजूंच्या मुलींनी माना खाली घातल्या. एक जण सरकून तिच्या जागी बसली.

सर बसले होते तिथून खिडकीतून पडवी दिसत होती. कडबाकुट्टीच्या बाजूला ती मांडी घालून बसली होती आणि जेवत होती. जेवण झाल्यावर घरच्या कामवाल्या बाईनं तिला हौदाकडे बोट दाखवलं. तिनं आपलं ताट, वाटी, पेला घासले आणि भिंतीशी पालथे घातले. तेवढ्यात श्रीमंतरावांनी सरांना आणखी एका पोळीचा आग्रह केला. सरांनी ती घेतली. त्यावर तूप घेतलं. ती पोळी आपल्या घशाखाली सहज उतरली, हे त्यांना पुढं कित्येक वर्षं आठवत राहिलं.

कोल्हापूरला राज्याच्या निवडीचं शिबिर होतं आणि जिल्ह्यातून माधुरीचं नाव गेलं होतं. पालकांची सही हवी होती. रविवारी सकाळी भीमराज सरांच्या दारात आला. सोबत माधुरी. सरांनी 'बसा' म्हटलं, पण तो अंगणात उभाच राहिला.

"सर, पोरगी येनार न्हाई कोल्हापूरला," तो म्हणाला.

"का हो? केवढी संधी आहे."

"ती घरी येऊन काय बोलली न्हाई. तिथल्या कामवाल्या बाईनं भामाला सांगितलं. माझ्या लेकीला पंगतीतनं उठवून पडवीत बसवलं, ताट घासाय लावलं." भीमराजचा आवाज चढला नव्हता. "माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. तवापासनं आमच्या घरात कुनी उष्टं मागितलं न्हाई, कुनाच्या मागल्या दारी बसलं न्हाई. मी लेकरांना ताठ ऱ्हायला शिकवलं. अन् ढाल जिंकून आलेली पोर पडवीत. तुमी तिथं व्हता ना, सर?"

"होतो."

"मंग तुमाला ठावं व्हतं का?"

माधुरी जमिनीकडे बघत होती. घरात नीलांबरीच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला होता. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते खरं बोललं असतं तर समोरचा माणूस फार तर निघून गेला असता. सर म्हणाले, "नाही हो, भीमराज. मी पुढं श्रीमंतरावांशी बोलत होतो. मला कळलंच नाही. कळलं असतं तर मी होऊ दिलं असतं का?"

भीमराज मुलीकडे वळला. "खरं हाय का गं?"

माधुरीनं मान वर केली. सरांकडे पाहिलं नाही. "व्हय, आबा. सरांना ठावं नव्हतं. त्या म्हातारीनंच सांगितलं मला."

भीमराजचा चेहरा बदलला. तो पुढं आला आणि सर मागं सरकायच्या आत त्यांच्या पायाशी वाकला. "माफ करा, सर. मी तुमच्यावर संशय घेतला. कुठं सही करायची दाखवा."

तो गेल्यावर नीलांबरी दारात आली. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नव्हतं तिनं. सरांनी फॉर्मची घडी घातली.

माधुरी कोल्हापूरला गेली आणि परत शाळेच्या संघात आलीच नाही, कारण तिची वाट आता फार पुढून जात होती. राज्याचा संघ, मग राष्ट्रीय स्पर्धा. करंगळी निखळली तर ती शेजारच्या बोटाला बांधून खेळली. बारावीची परीक्षा तिनं वसतिगृहातून दिली. १९९८ साली मुंबईतल्या एका कंपनीच्या संघानं तिला नोकरीवर घेतलं. काम एकच, गोल राखणं. गावात कुणाचा विश्वास बसेना. "बॉल धरायचा पगार मिळतो पोरीला," कारखान्यावर भीमराज सांगत फिरे. पुढच्या वर्षी तिची भारताच्या शिबिरात निवड झाली आणि वर्तमानपत्रवाले सरांना शोधत आले.

सरांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती सुंदर होती. प्रवरेच्या वाळूत एक मुलगी कलिंगडं झेलताना त्यांनी पाहिली, तिचे हात पाहिले आणि तिथंच ठरवलं, ही गोलकीपर होणार. गोष्ट छापून आली. जिल्ह्यात सरांचा सत्कार झाला, शाल मिळाली. पहिल्यांदा सांगताना त्यांचे कान तापले होते. पाचव्यांदा सांगताना तापले नाहीत, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

याहून जड होती भीमराजची कृतज्ञता. दर दिवाळीला तो स्वतःच्या अर्ध्या एकरातल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन येई. "सर नसते तर माझी पोर ऊसतोडीला गेली असती," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. नीलांबरी आता त्याला घरात बसवून चहा देत असे. शेंगा मात्र तिनं कधी भाजल्या नाहीत. ती त्या शेजारी वाटून टाकी. सर एकदा म्हणाले, "एवढ्या चांगल्या शेंगा." ती म्हणाली, "तुम्ही खाऊ शकाल?"

१९९९ च्या मे महिन्यात शाळेनं माधुरीचा सत्कार ठेवला. मांडव, माईक, व्यासपीठावर श्रीमंतराव. माधुरी आता एकोणीस वर्षांची होती, उंच, केस आखूड कापलेले. पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घातलेला भीमराज आणि नवी साडी नेसलेली भामाबाई. मुख्याध्यापकांनी सांगितलं की सत्कारानंतर माधुरी आणि तिच्या आईवडिलांना बंगल्यावर जेवणाचं निमंत्रण आहे, आणि ज्या गुरूनं हे रत्न ओळखलं त्या शामकांत सरांनी दोन शब्द बोलावेत.

सरांच्या खिशात लिहिलेलं भाषण होतं. ते माईकपुढं उभे राहिले. समोर भीमराजनं त्यांना पाहून हात जोडले, आणि कलिंगडाची गोष्ट सरांच्या तोंडातून बाहेर येईना.

"मी हिला ओळखलं नव्हतं," ते म्हणाले. "कलिंगडाची गोष्ट मला हिनंच सांगितली होती. मी हिला गोलात उभं केलं, कारण हिचा स्पर्श बाकीच्या मुलींना होऊ नये असं काही घरांचं म्हणणं होतं. ढाल जिंकून आलो त्या दिवशी हिला पंगतीतून उठवून पडवीत बसवलं, ते मी बसवलं. माझ्या तोंडानं सांगितलं. पंगतीत जागा होती. आणि भीमराज, तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. मला ठाऊक होतं."

श्रीमंतराव समोरच्या हाराची फुलं बोटांनी सारखी करत होते. भीमराजचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले. मग तो सरांकडे नाही, मुलीकडे बघू लागला.

माधुरी उठून माईकपाशी आली. "सरांनी सांगितलं ते खरं आहे," ती म्हणाली. "मीही आबांना खोटं सांगितलं होतं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला खेळायचं होतं. खरं सांगितलं असतं तर आबांनी पाठवलं नसतं, हे मला माहीत होतं. आज आम्ही बंगल्यावर जेवायला येणार नाही. कुणाची चूक काढायला म्हणून नाही. आमच्या घरी आईनं स्वयंपाक केलाय." तिनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ती खाली उतरली.

सर तिच्या मागं धावत गेले. शाळेच्या फाटकाबाहेर ती उभी होती, आईवडील थोडे पुढं.

"माधुरी, मला क्षमा कर."

ती वळली. शहरात राहून तिची बोली बदलली होती, पण रागात जुनी परत आली. "सर, मला आधी इचारायला पायजे व्हतं. तीन वर्सं आबा तुमच्या पाया पडत व्हते. मी सुट्टीला आले की बघायची. वाटायचं, आज सर त्यांना उठवतील, आज सांगतील. घरी, एकट्याला. तवा न्हाई बोललात. आज समदं गाव समोर बसलं, हातात माईक आला, तवा बोललात. तुमचं मन मोकळं झालं. आता आबा मला इचारतील, तू का लपवलंस. त्येचं उत्तर मी काय देऊ?"

भीमराज मागं आला. त्यानं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला काय इचारनार न्हाई मी," तो म्हणाला. "पोरीला जे करावं लागलं ते तिनं केलं. पन सर, मी तुमाला शेंगा आनत व्हतो. समद्यांना सांगत व्हतो, सर देवमानूस हाय. आता त्ये आठवलं की तुमची न्हाई, माझीच मला लाज वाटती." मग तो म्हणाला, "माफी मागू नका. उद्या कुनाच्या लेकीला असं उठवतील, तवा तुमी तोंड उघडता का, त्येवढं बघा."

ती तिघं वस्तीच्या वाटेनं निघून गेली. त्या दिवाळीला भीमराज आला नाही. माधुरी मुंबईला परतली. पुढं तिचं नाव पेपरात येत राहिलं, सर ते वाचत राहिले, पण तिला मनातलं काही लिहिण्याचा धीर त्यांना झाला नाही. जिल्ह्यानं दिलेली शाल त्यांनी परत केली. वर्तमानपत्राला खरी हकिगत लिहून पाठवली, तीही माधुरीला आधी दोन ओळींत विचारून. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, 'छापा'. फुटबॉल शाळेत दुसऱ्या कुणाला येत नव्हता, म्हणून संघ त्यांच्याकडेच राहिला. श्रीमंतराव भेटले की मान दुसरीकडे वळवत, याहून जास्त काही घडलं नाही.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात मुलींचा संघ घेऊन ते दुसऱ्या तालुक्यात गेले. परतताना जीप तापून बंद पडली. रस्त्यालगतच्या मळ्यात एक घर होतं. मुली पाणी मागायला गेल्या, मागोमाग सरही. घरच्या बाईनं मोठ्या प्रेमानं सगळ्यांना ओट्यावर बसवलं, पेले आणले, कुठल्या गावच्या, जिंकलात का, अशी चौकशी केली. प्रत्येकीला नाव-आडनाव विचारत ती पाणी देत होती. सातव्या मुलीनं आडनाव सांगितलं तसा बाईचा पेला धरलेला हात थांबला. तिनं पेला खाली ठेवला, आतून तांब्या आणला आणि म्हणाली, "तू जरा वंजळ कर, बाई."

मुलगी उठून ओट्याखाली उतरू लागली. जणू हे तिला सवयीचं होतं.

सर पुढं झाले. "ताई," ते म्हणाले, "आमच्या सगळ्या मुली एकाच तऱ्हेनं पाणी पितात. पेल्यानं तर सगळ्या पेल्यानं, ओंजळीनं तर सगळ्या ओंजळीनं. मीसुद्धा."

आता ही बाई तांब्या आपटेल, माणसं गोळा होतील, शिव्या बसतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थोडा गोंधळ होता, थोडा ओशाळेपणा. "आता सवय लागलीय वो, सर," ती पुटपुटली. आणि तिनं पेला उचलला, भरला आणि त्या मुलीच्या हातात दिला. मुलगी पाणी प्यायली. पेला पुढच्या मुलीकडे गेला. कुणीतरी जीपच्या ड्रायव्हरची नक्कल केली, तशा सगळ्या हसू लागल्या. बाईही हसली.

सर मात्र ओट्याच्या कडेला बसून राहिले. त्यांच्या हातात पेला आला होता आणि पाणी घशाखाली उतरत नव्हतं. दोन वाक्यं लागली होती. आभाळ कोसळलं नव्हतं, कुणी अंगावर आलं नव्हतं. एवढंच करायचं होतं त्या दिवशी बंगल्यावर. कदाचित म्हातारी रुसली असती, श्रीमंतराव चिडले असते, आणि पंगत तशीच पुढं चालली असती. कदाचित नसतीही. ते त्यांना आता कधीच कळणार नव्हतं, कारण त्यांनी बोलूनच पाहिलं नव्हतं.

"सर, प्या ना," ती सातवी मुलगी म्हणाली. "लई गार हाय पानी."